दोन जावा आणि न फिरणारे मशीन

मी एक जुने वॉशिंग मशीन आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू फार मायेने बोलतात, असे तुम्हांला वाटत असेल. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. इंडोनेशियातल्या पेकालोंगान शहरात ज्या घरात मी राबलो, तिथे माया माझ्याही वाट्याला आली नाही.

कारखान्यात पत्रा वाकवून मला घडवले, वर गुळगुळीत पांढरा रंग दिला. मुर्सीतीबाईंच्या घरी आलो तेव्हा शेजारणी मला बघायला आल्या, हात फिरवून गेल्या. कौतुक तेवढेच. बाईंच्या दोन सुना, थोरली सुमार्नी आणि धाकटी रत्री, यांचे एकमेकींशी पटत नसे. सगळा राग माझ्या झाकणावर निघे. सुमार्नीने धाडकन आपटले की समजावे, रत्रीने भात करपवला. रत्रीने आपटले की समजावे, सुमार्नी तिच्या माहेरावर घसरली. मार मात्र मला.

ईदच्या आदल्या दिवशी सकाळी पोटात पाणी तसेच राहिले आणि कपडे पिळायच्या वेळी मी फिरेना.

"ताई, भावोजींच्या चार-चार जीन्स कोंबल्यात तुम्ही. फिरेल कसं ते?" रत्री म्हणाली.

"आणि तू ओंजळभर साबण ओतलास तो? फेसानं गुदमरलंय बिचारं."

बिचारं! इतक्या वर्षांत माझी पहिल्यांदा कीव आली, तीही जावेला टोचण्यासाठी.

रत्रीने जीन्स काढून फरशीवर फेकल्या. मी हललो नाही. सुमार्नीने मागे हात घातला. पाणी जायची नळी भिंतीशी दुमडली होती.

"भिंतीला कुणी रेटलं याला?"

"तुमच्या शिलाई मशीनला जागा हवी होती ना?"

नळी सरळ झाली, तरी पाणी गेले नाही. भांडण मात्र माहेर, हुंडा, मुलांचे मार्क असे फिरत राहिले. तोवर माझ्या पोटात रत्रीच्या नव्या निळ्या बातिक कापडाचा रंग सुटत होता, आणि शेजारीच सासूबाईंचा नमाजाचा पांढरा झगा भिजत होता. मी पाहत होतो. मला तोंड असते तरी मी सांगितले नसते.

"माझा झगा झाला का गं?" मुर्सीतीबाईंनी दारातून विचारले. "उद्या तोच घालायचाय. ह्यांनी दिलेला शेवटचा."

रत्रीने तो बाहेर ओढला. जागोजागी निळा.

"बघ, तुझी करणी," म्हणत सुमार्नीने झाकण आपटले. प्लॅस्टिकचा एक तुकडा उडून सासूबाईंच्या पायाशी पडला. झाकणाखालची खुंटी होती ती. झाकण लागल्याचे तीच मला कळवत असे. ती आधीच अर्धी तुटली होती, म्हणून झाकण उघडेच आहे असे समजून मी थांबलो होतो.

बाईंनी तुकडा उचलला. "कुणी तोडली?"

दोघींनी आपापल्या हातांकडे पाहिले; झाकण दोघींनीही आपटले होते.

मग रत्रीने माझी वायर काढली, सुमार्नीने बांबूची काडी तासली, आणि खुंटीच्या जागी ती डिंकाने घट्ट बसवली. डिंक वाळल्यावर मी फिरलो. डाग गेले नाहीत.

ईदच्या सकाळी बाई तोच झगा घालून निघाल्या. फाटकात शेजारणीने विचारले, "आज निळा?"

"सुनांनी रंगवून दिलाय," बाई दोघी सुनांकडे बघत मोठ्याने म्हणाल्या. दोघींची मान वर झाली नाही.

मित्रांनो, झाकण हळू लावा. माझ्यासाठी नको; मला तुमचे प्रेम नको आहे. पण भांडणाऱ्याला दिसत नाही, की आत कुणाचे काय भिजत पडले आहे.