दुपारचा डाव

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, बॅटरी लवकर उतरते आणि खेळ चालू असला की माझी पाठ तापते. एका मोठ्या कारखान्यात माझी जुळणी झाली, पण तिथले फारसे आठवत नाही. आठवतो तो पहिला हात, विश्वजितचा.

विश्वजित विट्याजवळच्या एका खेड्यातला. तो कोईमतूरला गलाईच्या दुकानात काम करतो. जुने दागिने भट्टीत वितळवायचे आणि तेजाबाने, म्हणजे तीव्र आम्लाने, सोने शुद्ध करायचे, हे त्याचे काम. त्या कामाने त्याच्या बोटांची टोके कडक, गुळगुळीत झाली होती. तो काचेवर बोट ठेवायचा आणि मला ते कळायचेच नाही. मग तो बोट शर्टाला पुसून पुन्हा ठेवायचा.

धाकटी बहीण प्रियदर्शनी अकरावीला गेली तेव्हा त्याने मला गावी तिच्याकडे पाठवले आणि स्वतःला दुसरा फोन घेतला. दुपारी जेवणासाठी भट्टी थांबली की तो तिला खेळायला बोलवायचा. संघ करून विमानातून एका बेटावर उतरायचे आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचे, असा तो खेळ. ही दोघे मात्र जिवंत राहण्याची फिकीर करतच नसत.

“दादा, जीप भिंतीवर का घालतोयस?”

“भिंतच मधी आली. आईचा गुडघा कसा हाय?”

“हाय तसाच. आरं, मागनं गोळी आली बघ.”

“येऊ दे. जेवलीस का?”

आमच्याकडे यात्रेत कुस्त्यांचे मैदान भरते, तेव्हा आधी लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लावतात. हरलेल्याच्या मुठीतही कुणीतरी दोन रेवड्या कोंबतो. भावंडे आपल्या दुपारच्या खेळाला ‘रेवडीची कुस्ती’ म्हणत.

यंदा यात्रा कमिटीने कुस्त्यांबरोबर या खेळाचीही स्पर्धा ठेवली. प्रियदर्शनीच्या वर्गातल्या ऋषिराजने संघ बांधला. तो, संयोगिता, प्रियदर्शनी आणि चौथा विश्वजित. सराव सुरू झाला. विश्वजितची बंदूक वेळेवर चालेना आणि संघ हरत राहिला. त्याचे कारण मला ठाऊक होते. पण मी दुसऱ्यांचे बोलणे पोचवतो, मला स्वतःचे बोलणे नाही.

“पियू, तुझा दादा खेळतोय का शेरडं राखतोय?” ऋषिराज एकदा म्हणाला. “काढ त्याला. धैर्यशीलला घेऊ.”

“दादाला काय सांगू?”

“काय सांगू नगंस. काढ नुसतं.”

तिने काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचे बोलावणे माझ्या काचेवर आले. तिने ते अंगठ्याने बाजूला सारले. पुढेही तसेच. मग बोलावणी येणेच थांबले. दुपार झाली की मी नुसता वाट बघायचो. तिची आई मंगल विचारायची, “विशूचा फोन न्हाई आला व्हय?” प्रियदर्शनी म्हणायची, “कामात असंल.” पण मला उचलून बघायची आणि पालथा घालून ठेवायची.

यात्रेला गलाईवाले गावी येतात. विश्वजितही आला. स्पर्धेच्या दिवशी सकाळी तो म्हणाला, “आण की जुना फोन, बघू.” त्याने खेळ उघडला. बोट ठेवले, शर्टाला पुसले, पुन्हा ठेवले. प्रियदर्शनी बघत होती. तिने त्याचा हात धरून उलटा केला.

“ही बोटं कवापासनं अशी?”

“तेजाबाचं काम करणाऱ्याची अशीच असत्यात. नवा फोन बी ऐकत न्हाई.”

“मग सांगायचं न्हाईस?”

“माझी फजिती झाली की तू हसायचीस. बरं वाटायचं.” त्याने मला तिच्या हातात दिले. “काढलंस ते बराबर केलंस. जिंकायचं तर चांगला गडी पायजे. पर दुपारचं मी कुणासंगं बोलायचं गं?”

संध्याकाळी धैर्यशीलला घेऊन संघ खेळला, चांगला खेळला आणि दुसरा आला. विश्वजितने मागे उभे राहून शिट्ट्या वाजवल्या. यात्रा संपली आणि तो कोईमतूरला परत गेला.

आज दुपारी ऋषिराजचे सरावाचे बोलावणे आले. त्याच्या खालोखाल दादाचे आले. प्रियदर्शनीचा अंगठा दोन्हींवर घुटमळला. खेळ सुरू नसतानाही माझी पाठ तापली. दादाचे हे बोलावणे सारले गेले, तर पुन्हा एखादे येईल याची मला खात्री नव्हती.

“ऋषी, संध्याकाळी येते,” ती म्हणाली. “आत्ता दादा हाय.”

मित्रांनो, जिंकायला जरूर खेळा. पण एखाद्या गड्यामुळे हरत असाल, तर त्याला काढण्याआधी एवढे विचारा की तो कशासाठी खेळायला आला होता. ते त्याच्या गुणांच्या आकड्यात दिसत नाही. आम्हा फोनांना ते ऐकू येते, पण सांगता येत नाही. विचारायचे तुम्हालाच आहे.

ती दोघे आज बेटावर उतरताच मारली गेली. खेळ संपला, तरी फोन कुणी ठेवला नाही.