आपापला कप

"मॅम, टिप घेतली तर आपण वेटर होतो का?"

सृष्टीने हा प्रश्न क्रूच्या गाडीत, लिपस्टिकचा दुसरा हात देता देता विचारला. गाडी दिल्लीतल्या द्वारकेहून विमानतळाकडे निघाली होती. सिग्नल लागला की सृष्टी ओठ रंगवायची, सुटला की प्रश्न विचारायची. तिचे आईवडील पुण्याचे, आयटीतले. ती मात्र वाढली गुडगावात. त्यामुळे तिची वाक्यं मराठीत बसायची आणि हिंदीत उतरायची.

"वेटर होण्यात वाईट काय?" उत्तरा म्हणाली. "त्यांच्या पायाखाली जमीन तरी असते."

"मेरी मानो तो सब मिलके मना कर दो," पुढच्या सीटवरून अनिश म्हणाला. "आज टिप आयी, कल बोलेंगे सॅलरी क्यों बढाएँ, टिप तो मिल रही है. मेरे चाचा का ढाबा है, मुझे सब पता है."

"अरे यार, कॅफेत सगळे देतात ना! स्क्रीनवर येतं, लोक दबा देते हैं. विचार कोण करतं?"

नेमकी हीच कंपनीचीही आशा होती. विमानात चहा, कॉफी, ज्यूस सगळं विकतच होतं. आता कार्डाच्या मशीनवर पैसे कापून झाले की एक नवा पडदा यायचा. 'आमच्या हसतमुख क्रूसाठी काही द्याल?' खाली तीन रकमा ठळक, रंगीत. आणि त्याहून खाली, बारीक राखाडी अक्षरांत, 'आत्ता नको'. याबद्दल तुम्हा सर्वांचं मत आम्हाला मोलाचं वाटतं, असं कंपनीने क्रूला कळवलं होतं. कळवलं तेव्हा मशीनं विमानात चढलेली होती.

उत्तराने मत दिलं नव्हतं. ती केबिनची मुख्य होती, आणि मुख्य माणसाला मत असू नये हे तिला नोकरीने शिकवलं होतं. तिने सुरुवात केली ती कंपनी वेगळी. तिथे विमान उडायच्या आधी ट्रेमधून लिमलेटच्या गोळ्या फिरवायच्या. लोक मूठ भरून घ्यायचे, आणि सचिव दर्जाची माणसं दोन मुठी. गरम रुमाल, सरबत, जेवण, मग चहा, आणि कुणी पाकीट काढलं तर त्यालाच लाज वाटायची. ती कंपनी पुढे बुडाली. फुकट चहा पाजून बुडाली, असं जाणकार सांगतात. उत्तराला हे कधी पटलं नाही. चहा इतका चांगला नव्हता.

आताच्या कंपनीत विक्रीचं प्रशिक्षण असायचं. सव्वीस वर्षांचा प्रशिक्षक पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "पॅसेंजर पहिल्यांदा नाही म्हणतो ते खरं नसतं. तीनदा विचारा. तिसऱ्यांदा हसून." या शोधाला त्याने इंग्रजी नावही ठेवलं होतं. उत्तराला हसू आलं. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तिची आई, चंद्रप्रभा, आयुष्यभर हेच करत आली होती. मराठी पाहुणा पहिलं 'नको' म्हणतो ते रीत म्हणून, दुसरं सवयीने; तिसऱ्यांदा काय म्हणतो ते ऐकायचं. शेजारच्या पंजाबी बायकांना ही भानगड कळायची नाही. त्या दारातूनच विचारायच्या, "आज क्या बना है?" आईचे पहिले दोन आग्रह वायाच जायचे.

पाहुणा उठला की त्याचा कप आई उचलायची. घरच्यांनी मात्र आपापला कप आपण उचलायचा, विसळायचा, स्टँडवर पालथा घालायचा. बाबा मंत्रालयात अवर सचिव झाले त्या संध्याकाळी पेढे आले, कॉलनी लोटली. आणि सगळे गेल्यावर बाबांनी आपला कप आपण विसळला.

आज बाबा तिच्या विमानात बसणार होते. पहिल्यांदाच. आणि दिल्लीतून कायमचे निघालेले.

श्यामकांत गुप्त्यांनी नोकरीभर सरकारी सवलतीत रेल्वेने प्रवास केला आणि निवृत्तीनंतर हट्टाने. मुलीच्या विमानात ते कधी चढले नाहीत. ती या नोकरीला लागली तेव्हा एवढंच म्हणाले होते, "घरी आल्या-गेल्याला चहा द्यायला कधी उठली नाहीस. आता जगाला देणार. छान." कॉलनीत कुणी विचारलं तर सांगायचे, "सिव्हिल एव्हिएशनमध्ये आहे." यात खोटं काही नव्हतं. ऐकणाऱ्याला मंत्रालय दिसायचं, एवढंच. एकदा कुणीतरी फाइल हलवून द्या म्हणून मागे लागलं, तेव्हा मात्र त्यांना "तिचं डिपार्टमेंट वेगळं" असं सांगून सुटका करून घ्यावी लागली.

आई गेल्यावर द्वारकेच्या फ्लॅटमध्ये ते दोघंच उरले. उत्तरा घरी असली तर झोपलेली असायची, जागी असली तर गुवाहाटीत. बाबा चारचा चहा स्वतः करायचे, बाल्कनीतल्या कुंडीतली गवती चहाची पात तोडून, तिची गाठ मारून. उत्तरा घरात शिरली की आधी स्टँडकडे बघायची. कप पालथा, म्हणजे बाबा ठीक. गेल्या हिवाळ्यात धुक्याने ती बाहेर अडकली आणि बाबा बाथरूममध्ये पडले. शेजाऱ्यांनी उचललं. ती पोचली तेव्हा स्टँड रिकामा होता. मग पुण्याहून तिचा भाऊ केतन आला. "तायडे, तुझी चूक नाही. पण तू असतेस कुठे?" म्हणाला. बाबांचं पुण्याचं तिकीटही त्यानेच काढलं. उत्तराने तेवढं केलं की एका मैत्रिणीबरोबर ड्यूटी बदलून हेच विमान मागून घेतलं.

तिला काय हवं होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. बाबांनी तिच्या हातचा एक चहा घ्यावा, तिच्या कामाच्या जागी. आणि 'ही माझी मुलगी' हे चारचौघांत कळू द्यावं. पाहुण्याला वाढतात तसं एकदा त्यांना वाढायचं होतं. आणि पाहुण्याकडून कोण पैसे घेतं?

पण विमानातलं चहाचं एकेक पाकीट मोजलेलं. क्रूने कुणासाठी पदरचे पैसे भरायचे नाहीत, त्यात अफरातफर होते असं कंपनीचं म्हणणं. मग तिने ठरवलं की क्रूच्या वाट्याचा जो एक चहा तिला मिळतो, तोच त्यांना द्यायचा. हेही नियमात बसत नव्हतं. पण इतक्या वर्षांत तिने एकही नियम मोडला नव्हता, तेव्हा एक शिल्लक असायला हरकत नव्हती. सकाळी तिने कुंडीतली एक पात तोडून, गाठ मारून, पर्समध्ये ठेवली होती.

निघताना बाबा म्हणाले, "विमानात ओळख दाखवू नकोस."

"का?"

"लोकांना वाटतं वशिला आहे. तुझी ड्यूटी असते."

तिच्या ड्यूटीची त्यांना इतकी काळजी वाटल्याचं तिला आठवत नव्हतं. "बरं," ती म्हणाली.

केतनने व्हीलचेअर सांगून ठेवली होती. बाबा त्या रिकाम्या खुर्चीच्या शेजारून, तिच्यापेक्षा हळू, चालत आले. हातात निवृत्तीच्या वेळी मिळालेली ब्रीफकेस. दारात उत्तरा हात जोडून उभी होती.

"नमस्कार सर."

"नमस्कार," ते म्हणाले, आणि बोर्डिंग पास नीट दिसेल असा धरला.

त्यांची जागा तिसऱ्या रांगेत, वाटेलगत. शेजारी गळ्यात हेडफोन अडकवलेला एक माणूस. मानेसरच्या कारखान्यातला मॅनेजर, चाकणच्या कारखान्यात चाललेला. हे त्याने विमान हलायच्या आत बाबांना सांगून टाकलं. बाबांनी त्याला स्वतःबद्दल सांगितलं, "रिटायर्ड. गव्हर्नमेंट." त्याने मुलाबाळांचं विचारलं, तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बेटा पूना में है." उत्तरा वरचा कप्पा बंद करत होती. तिने तो जरा जोरात बंद केला.

विमान वर स्थिरावल्यावर तिने ट्रॉली काढली. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला सृष्टी.

"सर, चहा घेणार?"

"नको."

"गरम आहे सर. थोडा?"

"नको, नको."

तिसऱ्यांदा तिने प्रशिक्षकाने सांगितलेलं हसू आणलं नाही. आई विचारायची तशी जरा वाकून, हळू म्हणाली, "अर्धा कप घ्या. चारचा झाला नाही तुमचा."

बाबांनी वर न बघता ट्रे उघडला. "द्या."

तिने ट्रॉलीच्या आडोशाला कपातल्या चहाच्या पुडीवर गवती चहाची गाठ टाकली, वरून पाणी ओतलं. कप त्यांच्यापुढे ठेवला आणि ट्रॉली पुढे ढकलू लागली.

"पैसे?" बाबा म्हणाले.

"राहू द्या सर."

"का? ह्यांनी दिले ना आत्ता." शेजारच्या मॅनेजरने कॉफीचे पैसे भरताना त्यांनी पाहिलं होतं. "नियम सगळ्यांना एक."

ज्या माणसाने ठेकेदाराचा चहाही कधी ओठाला लावला नाही, त्याला फुकट चहा पाजायचा बेत आपण केलाच कसा, हे उत्तराला आता उमगलं. तिने निमूटपणे मशीन पुढे केलं आणि चहाचा आकडा दाबला. बाबांनी कार्ड लावलं. पैसे कापले गेले, आणि तो पडदा आला.

बाबांनी चष्मा चढवला. सहीला आलेला कागद वाचावा तसं त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. मागे रांगा ताटकळल्या होत्या.

"ये क्या है?"

"टिप है अंकल," मॅनेजर मदतीला धावला. "दबा दीजिए कुछ. बेचारी लडकियाँ हैं, दिन भर खडी रहती हैं."

चव्वेचाळिसाव्या वर्षी 'लडकी' म्हणवून घ्यायचा आनंद उत्तराला धड घेता आला नाही. ती बाबांच्या बोटाकडे बघत होती. ते तीन ठळक रकमांवरून खाली आलं, राखाडी अक्षरं शोधत. 'आत्ता नको.' दाबलं. चष्मा काढला, खिशात ठेवला.

मॅनेजरने हेडफोन कानाला लावले. सरकारी माणसं, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"थँक यू सर," उत्तरा म्हणाली. पैशाचं तिला काही नव्हतं. टिप दिली असती तर रडूच आलं असतं. पण कप ठेवल्यापासून त्यांनी एकदाही मान वर केली नव्हती. चौथ्या रांगेला तिने तीनदा विचारलं नाही. "एक बार बोला ना," असं ऐकायची आज तयारी नव्हती.

ट्रॉली लावून ती पुढच्या गॅलीत, त्या कपाटाएवढ्या स्वयंपाकघरात, आली. सृष्टी कुजबुजली, "मॅम, आपल्या साइडला चार जणांनी टिप दिली. तो थ्री-सीवाला अंकल तो... इतना पढा, फिर भी नहीं."

"डोळे अधू असतात या वयात."

"पढा तो पूरा उन्होंने!"

तेवढ्यात समोरच्या टॉयलेटचं दार उघडलं आणि 'थ्री-सीवाले अंकल' बाहेर आले. हातात रिकामा कागदी कप. तो त्यांनी आत बेसिनवर विसळला होता. कडेवरून पाणी ठिबकत होतं.

"सर, मुझे दीजिए," सृष्टीने कचऱ्याची पिशवी पुढे केली. "आप प्लीज बैठिए."

बाबांनी पिशवीकडे पाहिलं, मग ओट्याकडे. कडेला एक कागदी रुमाल होता, त्यावर त्यांनी कप पालथा घातला आणि कड रुमालाच्या रेषेत आणली.

"मेहमान का कप घरवाले उठाते हैं," ते म्हणाले. "घर का आदमी अपना खुद उठाता है. हमारे यहाँ ऐसा ही है."

सृष्टी हसली. "पर सर, ये घर थोडी है!"

"मेरी बेटी सारी उमर यहीं रही है." आवाज ऑफिसातला, तिसऱ्या रांगेपर्यंत पोचणारा. मॅनेजरने एका कानावरचा हेडफोन उचलला. "मतलब घर ही हुआ ना?"

सृष्टीने आधी मागे पाहिलं, कुठली मुलगी म्हणून. मग उत्तराकडे पाहिलं. कचऱ्याची पिशवी तिच्या हातात तशीच राहिली.

"त्या टिपचं मनात ठेवू नकोस," बाबा उत्तराला म्हणाले, आता हळू. "चहाचे दिले ते कंपनीचे. वर द्यायचं ते लोकांनी. मी काय लोक आहे?"

उत्तराने पालथ्या कपाकडे पाहिलं.

"साखर कमी होती," ते म्हणाले. "पण पात आपली होती."

वर पट्ट्याचा दिवा टिंग करून लागला.

"बाबा, बसा आता. बेल्ट लावा. उतरायला लागलोय आपण."

ते वळले, एकेका सीटच्या पाठीला हात लावत गेले. मॅनेजरने अंग चोरून जागा दिली, गरजेपेक्षा जास्तच.

पुण्यात दार उघडलं. उत्तरा पुन्हा हात जोडून उभी राहिली. क्रूने विमान सोडायचं नसतं. अर्ध्या तासात हेच विमान दिल्लीला परतणार होतं. "थँक यू सर, थँक यू मॅम, फिर मिलेंगे," असं एकेकाला म्हणत ती बाबांपर्यंत आली आणि तेच त्यांनाही म्हणाली.

"येतो," बाबा म्हणाले. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून रोज सकाळी ऑफिसला निघताना म्हणायचे तसं.

शिडीवरून ते ब्रीफकेस सांभाळत उतरले. खाली व्हीलचेअर उभी होती. तिला वळसा घालून बसकडे गेले. उत्तराने दाराच्या कडेवर पाय ठेवला होता. पुढे टाकता येत नव्हता.

सफाईवाले चढले. सृष्टी पिशवी घेऊन गॅलीत आली आणि सवयीने ओट्याकडे हात नेला. कागदी कप रुमालावर पालथा होता. त्याची कड ओली होऊन जरा वाकली होती, खाली पाण्याचं गोल वर्तुळ उमटलं होतं.

"मॅम, ये फेंक दूँ?"

"दार लागायला वेळ आहे अजून," उत्तरा म्हणाली. "निथळू दे."