डावीकडे पाहणारा कुत्रा

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास बाळापुरात देवमन तेलगोटे यांनी आपल्या घराच्या ओट्यावर, समोर बसलेल्या पोरांना शिकवण्यासाठी फळ्यावर कुत्रा काढला. कुत्र्याला तोंड नव्हतं.

शेपटी होती, मागचे पाय होते, पाठ होती, पोटाची वर ओढलेली रेघ होती. पुढच्या पायांपाशी येऊन खडू थांबला. सरांनी तो खाली ठेवला, बोटं पँटला पुसली आणि नेहमीसारखं म्हणाले, "हं. आता काढा."

पोरं फळ्याकडे पाहत राहिली. पुढच्याच रांगेत प्रणाली होती. ती यंदा पाचवीत जाणार होती आणि गप्प बसणं तिला जमत नसे.

"सर, याले तोंड नाई."

"कोनाले?"

"कुत्र्याले."

सरांनी फळ्याकडे वळून पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. "पुरा हाय कुत्रा," ते म्हणाले. "तुह्या डोळ्याले नंबर लागला वाट्टे. बापाले सांग, चष्मा घेऊन दे म्हना."

पोरं हसली, सरही हसले. दारात उभी असलेली त्यांची मुलगी दीक्षा हसली नाही. पोरीची थट्टा करणारा हा माणूस खोटं बोलत नाही, त्याला खरोखरच तो कुत्रा पुरा दिसतो आहे, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

होळीच्या आधी सरांना अर्धांगवायूचा झटका आला होता. अकोल्याच्या दवाखान्यात मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गाठ दाखवली, डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात शाबूत राहिला. भेटायला येणारा जो तो म्हणे, चित्रकलेच्या मास्तरचा उजवा हात वाचला, याहून काय पाहिजे. दीक्षालाही तसंच वाटलं होतं. ती अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. शनिवारी दुपारी एसटीनं निघायची, अकोल्याला गाडी बदलून बाळापूर गाठायची, आणि सोमवारी पहाटे परत. सर काठीनं चार पावलं चालू लागले तेव्हा तिनंच आईला म्हटलं, "उन्हाळ्याचा वर्ग भरू दे. त्यांचं मन लागेल."

उन्हाळ्याचा वर्ग म्हणजे गावातली जुनी रीत. शाळेत असताना आणि निवृत्तीनंतरही सर सुट्टीत ओट्यावर पोरं बसवायचे, आणि पहिला धडा कायम कुत्र्याचा. आंबा नाही, झोपडी नाही, डोंगरामागचा सूर्य तर नाहीच. "कुत्रं सगळ्यायनं पाह्यलेलं असते," ते म्हणायचे, "अन् कोनीच पाह्यलेलं नसते." सुरुवात नाकापासून. कागदाच्या डाव्या बाजूला एक ठिपका. "कुत्रं अंगनात पहिले नाकानं येते. शेपटीनं येते का कधी?" ठिपक्यापासून कपाळ, कपाळावरून कान, कानामागून एका दमात पाठ. पोट वर ओढायचं, नाही तर डुक्कर होतं. पाय शेवटून दुसरे. शेपटी सगळ्यात शेवटी आणि ज्याची त्याच्या मनासारखी.

त्यामुळे बाळापुरात चाळिशीच्या आतल्या कुणालाही कुत्रा काढायला सांगितलं तर तो डावीकडेच पाहतो. एका हॉटेलच्या भिंतीवर 'कुत्र्यापासून सावध' लिहून जो कुत्रा रंगवला आहे, तोही सरांचाच. फक्त दीक्षाला तो कधी आला नाही. तिचा कुत्रा पाहून सर एकदा म्हणाले होते, "बाई, हे घूस हाय. पन चांगली खात्या-पित्या घरची हाय." त्या दिवसापासून ती पुस्तकांकडे वळली, असं ते चारचौघांत सांगायचे.

दर वर्षी एखादं पोर विचारायचं, "सर, कुत्रं कोनाकडे पाहून राह्यलं?"

"भाकर टाकनाऱ्याकडे."

आणि डावीकडे, ओट्याच्या खांबाला टेकून, कौशल्याबाई बसलेल्या असायच्या. सरांची पत्नी. अंगणवाडीत नोकरी झालेली, पोरांच्या पेन्सिली ब्लेडनं तासून द्यायच्या. पोरं त्यांच्याकडे बघून हसायची. त्या ब्लेड न थांबवता म्हणायच्या, "टाकते हो. मास्तरलेबी मीच टाकते."

त्या रविवारी वर्ग सुटल्यावर दीक्षानं फळा पुसला नाही. तिला एक गोष्ट खटकत होती. ती आईला म्हणाली, "आई, त्यांनी शेपटीपासून सुरुवात केली."

कौशल्याबाईंनी फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ताटातबी असंच करतात. अर्धी भाकर तशीच राह्यते अन् मले इचारतात, भाजी काहून नाई वाढली. भाजी ताटातच असते, डाव्या अंगाले." थोड्या वेळानं त्यांनी जे सांगितलं, ते त्या बरेच दिवस सांगायचं टाळत असाव्यात. "मी बाजूले बसली असते. तरी आवाज देतात, कौशल्या कुठी गेली? मी म्हनते इथंच आहो, तर उजवीकडच्या दाराकडे पाह्यतात. म्हनतात, आतून काहून बोलून राह्यली? पहिले मले वाटलं, माह्यावर राग हाय."

दवाखान्यातून सोडताना व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं होतं. डावी बाजू डोळ्यांना दिसते, पण मेंदू तिची दखल घेत नाही. त्यांच्या डावीकडेच बसा, डावीकडूनच बोला, वस्तू डावीकडेच ठेवा. कौशल्याबाई महिनाभर डावीकडे बसल्या होत्या. दिवसातून कितीतरी वेळा, हातभर अंतरावर बसून, आपला नवरा आपल्याला शोधतो आहे हे त्यांनी पाहिलं होतं.

दीक्षानं आठवडाभर विचार केला आणि पुढच्या रविवारी सकाळी तिला उपाय सापडला. कागदावर तिनं एक बाण काढला, उजवीकडे तोंड करून. "बाबा, आज कुत्रा इकडे पाहणारा काढा."

"उलटा?"

"उलटा."

"तो परका कुत्रा झाला," सर म्हणाले. पण पेन्सिल घेतली. नाकाचा ठिपका उजवीकडे पडला. कपाळ आलं, कान आला, पाठ आली. तोंड, पुढचे पाय, छाती, सगळं जुन्या हाताचं. मागच्या पायांपाशी रेघ विरली आणि शेपटी आली नाही. पण शेपटीचं काय एवढं? बिनशेपटीचे कुत्रे गावात चार तरी होते. कागद पाहून कौशल्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

"रडतेस काहून?" सर म्हणाले. कौशल्याबाई उजवीकडे उभ्या होत्या, म्हणून त्यांना दिसल्या.

त्याच दिवशी कौशल्याबाईंची खुर्ची खांबापासून उचलून उजवीकडे आली. ताट फिरवून भाजी उजवीकडे गेली. पाण्याचा तांब्या, चष्मा, रेडिओ, सगळं घर हळूहळू उजव्या अंगाला सरकलं. सर खूश होते. ताट रिकामं होऊ लागलं. कौशल्या कुठी गेली, हा प्रश्न बंद झाला. ओट्यावरची पोरं उजवीकडे पाहणारा कुत्रा शिकली. प्रणालीनं विचारलं, "सर, आता हे इकडे काहून पाह्यते?" तेव्हा सर म्हणाले, "भाकर टाकनारी इकडे आली ना," आणि कौशल्याबाई लाजल्या. त्या वयात, पोरांसमोर. पुढे एका सोमवारी दीक्षा अमरावतीच्या गाडीत खिडकीपाशी बसली, तेव्हा झटका आल्यापासून पहिल्यांदाच तिला झोप लागली.

शाळा उघडल्यावर अकोल्याच्या दवाखान्याची तारीख होती. दीक्षानं रजा काढली. फाइलमध्ये रिपोर्टांबरोबर तिनं कुत्र्यांचे कागदही लावून नेले, तारखेनुसार. मनात असं होतं की डॉक्टरीणबाई पाहतील आणि चांगलं म्हणतील.

बाईंनी कागद पाहिले. एकेक उलटून पाहिले. मग सरांच्या समोर एक आडवी रेघ काढून म्हणाल्या, "सर, या रेघेच्या बरोबर मध्यावर खूण करा."

सरांनी खूण केली. ती उजव्या टोकाजवळ पडली.

बाईंनी जुना कागद काढून शेजारी ठेवला. दवाखान्यातून सोडतानाचा. त्यावरची खूण मध्याच्या बरीच जवळ होती.

"घरी डावीकडे कोण बसतं?"

दीक्षानं आईकडे पाहिलं. मग सरच बोलले. "डावीकडे कोनी नाई बसत. भिंत हाय तिकडे."

भिंत नव्हती. मोकळा ओटा होता, खांब होता, आणि जिथं तीस-पस्तीस वर्षं पेन्सिलींचा भुसा पडला ती जागा होती.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर दीक्षाला बरं वाटलं असतं. सरांना बाहेर बाकावर बसवून त्या म्हणाल्या, "पहिल्या महिन्यांत मेंदू जेवढं परत घेतो, तेवढं नंतर घेत नाही. त्यांना डावीकडे वळायला काहीतरी कारण पाहिजे होतं. तुम्ही सगळी कारणं उचलून उजवीकडे ठेवलीत."

"आता?" दीक्षानं विचारलं.

"आता परत फिरवा. कुत्रासुद्धा. कागदाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारा. ती सापडेपर्यंत पेन्सिल उचलू द्यायची नाही. होईल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही." मग त्या कौशल्याबाईंकडे वळल्या. "तुम्हाला परत डावीकडे बसावं लागेल. त्यांनी हाक मारली तरी उजवीकडे यायचं नाही."

"त्यायले मी दिसनार नाई," कौशल्याबाई म्हणाल्या.

"नाही दिसणार. कदाचित."

परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसले होते. बाळापूर जवळ आलं तेव्हा दीक्षा म्हणाली, "आई, चूक माझी आहे."

"तुही कशाची? खुर्ची म्या उचलली," कौशल्याबाई म्हणाल्या. "तू नुसता कुत्रा फिरवला. मले त्यायच्या नजरेत राहाचं होतं." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि सरांच्या डाव्या हाताशी ठेवली. सरांनी ती घेतली नाही. जरा वेळानं म्हणाले, "तहान लागली बुवा. पानी नाई आनलं का कोनी?"

"आनलं हाय," त्या म्हणाल्या. "शोधा."

सर उजवीकडे शोधत राहिले. गाडी बाळापूरच्या स्टँडवर लागेपर्यंत बाटली तिथंच होती.

खुर्ची खांबापाशी गेली. भाजी ताटात डावीकडे गेली आणि ताटं पुन्हा अर्धी उष्टी राहू लागली. सरांचं वजन उतरलं. ते चिडके झाले. एकदा त्यांनी शेजारच्या ललिताबाईंना सांगितलं, "आमची बाई लेकीकडे अमरावतीले गेली वाट्टे. सांगूनबी नाई गेली." कौशल्याबाई तिथंच तांदूळ निवडत बसल्या होत्या. ललिताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. कौशल्याबाईंनी मान हलवली, बोलू नका म्हणून. मग डावीकडूनच, सवयीनं, त्या मोठ्यानं म्हणाल्या, "इथंच आहो मी. इकडे पाहा."

सरांनी दाराकडे पाहिलं.

रविवारचा वर्ग पावसाळ्यातही चालू राहिला, कारण प्रणाली आणि अजून दोघी येत राहिल्या. आता त्यांना कुत्रा येत होता, दोन्ही बाजूंचा. त्या सरांचा कुत्रा पाहायला यायच्या. दीक्षा कागदाच्या डाव्या कडेला लाल खडूनं जाड रेघ मारून द्यायची. सर शेपटीपासून सुरुवात करायचे आणि पुढच्या पायांपाशी थांबायचे.

"लाल रेघ सापडली का, बाबा?"

"कागदावर लाल काईच नाई."

"आहे. मान वळवा. आणखी."

"किती वळवू? कुत्र्यावानी?"

पोरी हसायच्या. तेवढंच हसणं त्या ओट्यावर उरलं होतं.

गेल्या रविवारी पाऊस नव्हता. सरांनी शेपटी काढली, मागचे पाय काढले, पाठ ओढली, पोट ओढलं. पुढच्या पायांपाशी थांबले. दीक्षानं विचारायचं ते विचारलं. ते म्हणाले, काई नाई इथं. पण पेन्सिल उचलली नाही. मान थोडी वळली, पुन्हा सरळ झाली.

"कौशल्या कुठी गेली?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, नुसतं.

"इथं," कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांनी आपला हात कागदाच्या डाव्या कडेवर, लाल रेघेच्या बाहेर ठेवला होता. या वेळी त्या आणखी काही बोलल्या नाहीत.

सरांनी आधी दाराकडे पाहिलं. मग फळ्याकडे पाहिलं. मग पेन्सिल कागदावरून डावीकडे घसरत गेली, रेघ न उमटवता, आणि लाल रेघेच्या अलीकडे टेकली. तिथं एक ठिपका उमटला. हात मागे आला.

प्रणाली पुढं वाकली. "सर, हे नाक हाय?"

"कोनतं?" सर म्हणाले.

"हे. इथं."

त्यांनी कागदाकडे पाहिलं. प्रणालीचं बोट जिथं होतं, तिथवर त्यांची नजर गेली की नाही, हे दीक्षाला सांगता आलं नाही. कौशल्याबाईंनाही नाही. "कुत्रा पुरा हाय," सर म्हणाले आणि पेन्सिल खाली ठेवली.

तो कागद दीक्षानं फाइलमध्ये लावला आहे. एक बिनतोंडाचा कुत्रा, मध्ये कोरी जागा, आणि डावीकडे एक ठिपका. अकोल्याची पुढची तारीख गुरुवारची आहे. बाईंनी अजून तो पाहिलेला नाही.