रोज्यात बिघडलेला काटा

इंडोनेशियातल्या आमच्या केदिरीच्या कारखान्यात गोड सोया सॉसच्या कढईत एक थरथरणारा काटा बसवलाय. सॉस दाटला की त्याची थरथर मंदावते आणि पडद्यावरचा आकडा चढतो. वर्षभर त्याने कुरकुर केली नाही. रमजान लागला आणि मेला पाण्यासारख्या सॉसलाही दाट म्हणू लागला.

यंत्रं बघणाऱ्या विनार्तोसाहेबांनी काटा उपसला. त्यावर साखरेचं जाड पुट चढलेलं.

"आजवर हा पुसत कोण होतं?"

 कढईवरची सुमिराताई बोलली, "पुसतंय कोण, साहेब? काम संपलं की तळलेला टोफू त्यावर फिरवायचा आणि तोंडात टाकायचा. आता सगळ्यांचे रोजे." मग साहेबांकडे बघून म्हणाली, "तुम्ही ख्रिश्चन ना?"

दुसऱ्या दिवशी साहेब घरून टोफू तळून घेऊन आले.