शेवंताबाईचा कान

भरवेलीच्या खाणीत धम्मपालनं तीस वर्षं ड्रिल चालवली, आणि रिटायर झाल्यावर गावच्या धानशेतीत लक्ष घातलं. यंदा वादळात बांधीच्या धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, जुनी बाभूळ आडवी झाली. दोन दिवस कुऱ्हाड मारून त्याचे खांदे भरून आले. मग किरनापूरच्या खेमराजकडून त्यानं एक छोटी, जुनी चेनसॉ विकत आणली. खेमराजनं ती चालवून दाखवली आणि बजावलं, "स्क्रू फिरवशील तं आवाजावर ध्यान ठेवजो. लई बारीक झाला का पिस्टन गेला समज."

धम्मपालनं मान हलवली होती.

घरी आणल्यावर मात्र रेस दिली की मशीन घुसमटून बंद पडे. त्यानं हवेची जाळी धुतली, प्लग घासला, ऑइल मिसळून ताजं पेट्रोल भरलं. तरी तेच. शेवटी पेचकस घेऊन तो कार्बोरेटरचे स्क्रू फिरवायला बसला. पाव फेरा इकडे, अर्धा तिकडे. मशीननं एकदाची रेस घेतली तसा त्यानं खुशीत ट्रिगर दाबून धरला.

त्याची बायको शेवंताबाई चुलीपासून धावत आली. "बंद करा! बंद करा ते!"

"काहून? चांगली तं चालून राह्यली."

"चांगली? किंचाळून राह्यली ना! मिलात धान संपलं का मशीन अशीच वरडे." दहा वर्षं ती राईस मिलमध्ये कामाला होती.

धम्मपालनं मशीन बंद केली. किंचाळणं? त्याला तर नुसती घरघर ऐकू आली होती. लोक हल्ली पुटपुटतात, टीव्हीवाले नीट बोलत नाहीत, असं तो दोन वर्षं म्हणत आला होता.

"मले नाही ऐकू आलं," तो हळूच म्हणाला.

ती पाट ओढून समोर बसली. "फिरवा. मी सांगतो."

तो केसभर केसभर स्क्रू फिरवत राहिला. आवाज उतरेल तसा तिचा तळवा हवेत हळूहळू खाली येत गेला आणि मग तिनं मूठ मिटली. त्यानं मशीनच्या दांड्यावर हात ठेवला. थरथर आता जड, सारखी लागत होती.

मशीन थांबवून त्यानं पेचकस खाली ठेवला. मग म्हणाला, "अजून काय काय नाही ऐकलं मी?"

"राखीनं परवा फोनवर सांगतलं, नागपूरची नोकरी सोडून बालाघाटले याचं म्हनते. तुमी काही न विचारता हौ हौ करत फोन माह्या हाती देल्ला. तिले वाटलं, बाबाले पटलं नाही."

धम्मपालनं हात पुसले आणि लेकीला फोन लावला. स्पीकर सुरू केला. "राखी, मले कमी ऐकू येते. जोरानं सांग, काय म्हनत होतीस परवा."

"अच्छा, म्हनून नुसतं हौ हौ करत होते, बाबा," राखी मोठ्यानं हसली. मग तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मध्येच त्यानं चारदा "काय?" म्हणून विचारलं, आणि चारही वेळा तिनं ते पुन्हा सांगितलं.