मर्व्हचं मत

आयलीनने फुटपाथवरच थांबून आपला नवरा मर्व्ह याच्या कोटाची चुकलेली बटणं पुन्हा लावली. समोर, बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात, मुदतपूर्व मतदानाचं केंद्र उघडलं होतं.

मुलगी कर्स्टन आदल्या रविवारी येऊन समजावून गेली होती. मत दिलं नाही की सरकारची नोटीस येते हे खरं, पण बाबांना काही समजत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं की यादीतून नावच निघतं. कटकट मिटेल. आयलीनने तिला चहा दिला आणि विषय बदलला. मताचा हक्क मिळाल्यापासून मर्व्हने एकही मतदान चुकवलं नव्हतं. ज्या यादीतून तो कधी निघाला नाही, तिच्यातून त्याला काढायला ती कुठल्या तोंडाने डॉक्टरांची सही मागणार?

दारापासून ठरलेल्या अंतरावर उमेदवारांची माणसं पत्रकं वाटत होती. शेतकऱ्यांच्या पक्षाचा उमेदवार स्टुअर्ट स्वतःच उभा होता. आयलीनच्या धाकट्या भावाचा मुलगा.

"आत्या, दोन मतं धरू ना?"

"एक धर," आयलीन म्हणाली.

स्टुअर्ट हसला. मर्व्हकाका रेल्वेतला, युनियनचा माणूस. उभ्या आयुष्यात मजूर पक्षाबाहेर त्याचं मत गेलं नव्हतं. गव्हाच्या शेतात वाढलेल्या आयलीनचं मत नेमकं उलटं. घरात यावरून भांडण होत नसे; मतदानाच्या दिवशी जेवताना मात्र दोघं जरा जपून बोलत.

आत टेबलामागच्या बाईने विचारलं, मतदानाच्या दिवशी, शनिवारी, का येता येणार नाही. गर्दीत तो घाबरतो, आयलीनने सांगितलं. मग बाईने मर्व्हला नाव विचारलं. त्याने ते खणखणीत सांगितलं. पत्ता मात्र स्टेशनामागच्या क्वार्टर्सचा सांगितला, जिथे त्यांचं लग्नानंतरचं पहिलं घर होतं. बाईने आयलीनकडे पाहिलं. आयलीनने हळूच आताचा पत्ता सांगितला. मर्व्हने मान डोलावली.

"मदतीला कोण हवंय तुम्हाला?" बाईने त्यालाच विचारलं.

"ही," मर्व्ह म्हणाला.

पुठ्ठ्याच्या आडोशाला त्याने खालच्या सभागृहाच्या हिरव्या मतपत्रिकेवर पेन्सिल टेकवली. मग ती आयलीनच्या हातात दिली.

"तू लिही. तुला माहितीये."

प्रत्येक नावासमोर पसंतीचा आकडा घालायचा होता. आयलीनने मजूर पक्षाच्या उमेदवारासमोर एक लिहिला. पुढचे आकडे मर्व्हने घातले असते तसेच घातले. स्टुअर्टचा चौकोन तिने शेवटपर्यंत मोकळा ठेवला होता. तिथे सगळ्यात शेवटचा आकडा, सहा, लिहिला. वरच्या सभागृहाच्या पांढऱ्या लांबलचक पत्रिकेवरही त्याच्याच मनासारखं केलं. कागदांच्या घड्या मर्व्हने स्वतः घातल्या आणि पेट्यांत टाकल्या. नंतर तिने स्वतःचं मत दिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

बाहेर आल्यावर मर्व्ह थेट स्टुअर्टपाशी गेला. त्याला नाव आठवलं नाही, पण चेहरा ओळखीचा वाटला असावा. त्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"तुलाच दिलं रे, पोरा," मर्व्ह म्हणाला.

स्टुअर्टने आत्याकडे पाहिलं. आयलीन गाडीची किल्ली शोधत होती, आणि ती तिच्या हातातच होती.

"खूप बरं वाटलं, काका," स्टुअर्ट म्हणाला.

मर्व्ह समाधानाने हसला. आयलीनने त्याचा दंड धरला, आणि तो गाडीकडे चालू लागेपर्यंत ती थांबली.