तीस गाठींची दोरी आणि परदेशातला तुरुंग

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे आणि मला चुलीची भीती वाटते. दोरीने विस्तवाला भ्यावे यात नवल काही नाही. पण ज्या घराने मला तीस वर्षे सांभाळले, त्याच घरातले हात एके दिवशी मला चुलीत घालायला निघाले होते. असे का झाले, ते सांगते.

गोंडपिपरी तालुक्यातल्या एका तलावाकाठच्या गावात केवळराम नावाच्या मासेमाराने मला वळले. अंबाडीचा वाख मांडीवर पिळून त्याने हाताहातावर एक अशा तीस गाठी मारल्या, ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात मला बुडवले आणि टोकाला मोडक्या तराजूचे लोखंडी वजन बांधले. माझे काम एकच, पाणी मोजणे. पावसाळा सरला की केवळराम डोंग्यात, म्हणजे छोट्या लाकडी होडीत, बसून मला तलावात सोडायचा. वजन तळाला टेकले की ओल्या गाठी मोजायचा आणि वहीत उतरवायचा. त्याला अक्षरे येत नाहीत. म्हणून जितके हात पाणी, तितक्या उभ्या रेघा. मासळी बसते तिथे माशाचे चित्र. तळाशी जाळे फाडणारे खोड असेल, तिथे फुली. अशा वीसेक वह्या घरात आहेत. न मोजलेल्या पाण्यात जाळे टाकायचे नाही, हा त्याचा नेम. माझ्या मापात कधी बोटभर फरक निघाला नाही, हे मी थोड्या गर्वानेच सांगते. मासेमारांच्या सोसायटीचे अध्यक्ष लटारूभाऊ तर चारचौघांत माझे कौतुक करत.

केवळरामचा मुलगा धनराज माझ्यावरच मोजायला शिकला. त्याचे दोन जिवलग मित्र गोंडपिपरीचे. मुजफ्फर वेल्डिंग करायचा आणि रईसचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान होते. पुढे धनराज आणि मुजफ्फर समुद्रापलीकडच्या एका देशात, बंदरावर कामाला गेले. रईस दुकानापायी मागे राहिला. घरात नायलॉनची दोरी आली आणि मी खुंटीवर गेले. उंदराने माझ्या दोन गाठी कुरतडल्या. कुणाच्या लक्षातही आले नाही.

एकदा केवळराम रईसच्या दुकानात बसला होता. त्याला मुलाची आठवण झाली, पण तसे बोलून दाखवणाऱ्यातला तो नाही. तो म्हणाला, "तिकडचं पाणी केवढं खोल हाय, विचार बरं त्याले. वहीत काढून फोटो पाठव म्हणा." रईसने तसाच मेसेज लिहिला. पाणी मोज, नकाशा काढ, पाठव.

धनराज बापाच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. त्याने सुतळीला हाताहातावर गाठी मारल्या, मुजफ्फरने टोकाला लोखंडी नट बांधून दिला. सुट्टीच्या दिवशी दोघे बंदराशेजारच्या खाडीवर गेले. धनराज मोजून रेघा, मासे, फुल्या काढत होता आणि मुजफ्फर त्याचे फोटो काढत होता. पलीकडे लढाऊ जहाजे उभी होती. शिपाई आले आणि दोघांना घेऊन गेले. वही पाहून त्यांनी विचारले, ही गुप्त भाषा कुणाची? मोबाईल उघडला तर त्यात रईसचा मेसेज. हेरगिरीचा आरोप लागला.

ही बातमी गावात पोहोचायला महिना लागला. पण भीतीला महिना लागला नाही. बातमी आली त्याच दिवशी ती घराघरांत शिरली. गोंडपिपरी ठाण्याचे दोन पोलीस येऊन गेले. बोलले सभ्यपणे, पण प्रत्येक शब्द लिहून घेतला. त्यानंतर अंगणात येणारी माणसे समोरून वळून दुसऱ्या वाटेने जाऊ लागली. लटारूभाऊंनी केवळरामला सोसायटीच्या बैठकीचा निरोपही धाडला नाही. आणि रईस, जो एक दिवसाआड यायचा, तो तीन आठवडे फिरकला नाही. मी खुंटीवरून दाराकडे बघत राहायचे. बाहेर मोटारसायकल थांबली की घरातली दोन्ही माणसे बोलता बोलता गप्प होत.

एका दुपारी देवकाबाईने, धनराजच्या आईने, मला खुंटीवरून ओढले. चूल पेटलेली होती.

"हिच्यापायीच माह्या लेकराले नेलं. उद्या पोलीस आले अन् ही दिसली, तं तुमालेबी नेतील."

केवळराम भिंतीला टेकून बसला होता. तो तिला अडवेल असे मला वाटले. तो म्हणाला, "जाळ. पाणी केवढं खोल, हे विचारलं तं मीनंच होतं."

मित्रांनो, माझे टोक विस्तवापासून वीतभर अंतरावर होते. वाखाला धग लागली की तो आधी आखडतो. मी आखडू लागले होते. तेवढ्यात दारात रईस उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

"काकू, नका जाळू. धनराजच्या तिकडच्या वकिलाचा फोन आला होता. तो म्हणते, तुमच्या गावात असंच पाणी मोजतात हे जजले दाखवा. ही दोरी अन् काकाच्या वह्या, एवढाच पुरावा हाय आपल्यापाशी."

देवकाबाईचा हात थांबला. रईस उंबऱ्यावरच बसला आणि खाली बघत बोलला, "अजून एक हाय. ज्यानं मेसेज लिहिला त्यानं शपथेवर सांगा लागते, काऊन लिहिला ते. मीनं तो मेसेज माह्या मोबाईलमधून मिटवून टाकला, काका. भेव लागला मले. ते दोघं तिथं मार खाऊन राह्यले, अन् मी इथं मेसेज मिटवून राह्यलो."

केवळरामने देवकाबाईच्या हातातून मला काढून घेतले. मग म्हणाला, "भेव मलेबी लागते, बाबू. तुह्यं नाव तिथं लिहिलं तं तुलेबी उचलतील का?"

"माहीत नाई," रईस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघे लटारूभाऊंकडे, इथे पाणी असेच मोजतात असे सोसायटीचे पत्र मागायला गेले. लटारूभाऊ हात जोडून म्हणाले, "माह्यं नाव नका गोवू रे बाबा." मग तिसऱ्या दिवशी सकाळी केवळरामसोबत एकटा रईस डोंग्यात बसला, जजला दाखवायला मोबाईलवर व्हिडिओ काढू लागला आणि केवळरामने किती वर्षांनी मला पाण्यात सोडले. काठावर गाव जमले होते, पण सारे बाभळीच्या आडोशाने. माझ्या कुरतडलेल्या गाठी ताणल्या जात होत्या. मी तुटले असते, माप चुकले असते, तर समुद्रापलीकडे दोन जीव तिथेच अडकून राहिले असते. मी सगळा जोर लावून धरून राहिले. वजन तळाला टेकले. केवळराम गाठी मोजू लागला, पण पाचव्या गाठीला त्याचा आवाज फुटेना. तेव्हा काठावरून कुणीतरी पुढचा आकडा मोठ्याने म्हटला. ते लटारूभाऊ होते. ते गुडघाभर पाण्यात उतरून शेवटपर्यंत मोजत राहिले आणि बाहेर आल्यावर त्यांनी पत्रावर सही केली.

रईसने नोटरीपुढे लिहून दिले की मेसेज माझा आहे, एका बापाच्या सांगण्यावरून लिहिला आहे आणि मी तो घाबरून मिटवला होता. खाली आपले पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला. पुढे त्याची दोनदा चौकशी झाली, मोबाईल जमा झाला, गिऱ्हाईक तुटले. प्रत्येक वेळी तो घाबरत गेला, पण जायचे टाळले नाही.

निकालाला सात महिने लागले. हेरगिरीचा आरोप खोटा ठरला आणि दोघे घरी आले. मुजफ्फर पुन्हा वेल्डिंग करू लागला, पण ठिणगी उडाली की दचकतो. धनराजने अंगणात पाऊल टाकले, खुंटीवर मला पाहिले आणि तो पांढराफटक पडला. तसाच बाहेर जाऊन बसला. ज्याला मी मोजायला शिकवले, तो मला भ्यायला लागला, याचे मला फार वाईट वाटले. देवकाबाईने मला माळ्यावर, पोत्यात ठेवले.

गावातली माणसे आता पुन्हा येतात. काही जण हसत विचारतात, "काय जासूस, कसा हायेस?" त्यांना ती थट्टा वाटते. धनराज मात्र उठून आत जातो आणि तासभर बाहेर येत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंनी शेवटी, आम्हाला जपा, असे सांगायचे असते. मला नाही जपले तरी चालेल, मी पोत्यात बरी आहे. पण धनराज अजून दाराकडे बघत बसतो, कुणी न्यायला येईल म्हणून. रईस रोज संध्याकाळी दुकान बंद करून येतो. काही विचारत नाही. धनराज आणि दार यांच्या मधे, दाराकडे पाठ करून बसतो. तुमचा कुणी मित्र असा घाबरून परत आला, तर तुम्हीही तिथेच बसा.